पट्टीवरचा ‘मी’

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

यात स्मशान नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. बदलापूरला, खरवईच्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलवर. गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं. संपलं असं मी म्हणणार नाही.

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. उलट आईला वाईट वाटेल म्हणून दोन-चार गोष्टी गाळल्या आहेत.

आणि आमच्या घरात असल्या गोष्टींवर कोणाचाच विश्वास नाही, हेही सांगते. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर पणजोबांनी घरातले टाक, अंगारे, ताईत सगळं नदीत सोडलं. तेव्हापासून भिंतीवर दोनच फोटो, बुद्ध आणि बाबासाहेब. शेजारच्या कोणाच्या अंगात आलं की पप्पा म्हणायचे, “डॉक्टरकडे न्या तिला.”

त्यामुळे मला हे नात्यात कोणाला सांगता येत नाही.

म्हणून इथे लिहितेय.

मी मैत्रेयी. अंबरनाथला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला असते. घरात आई अंजना, पप्पा किसन आणि माझा धाकटा भाऊ सम्यक.

सम्यक होता.

पप्पांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या पॉवर प्रेसवर आयुष्य काढलं. दिवसभर धाड-धाड. रिटायर व्हायच्या आधीच कान गेले. कानाचं मशीन लावून बघितलं. डॉक्टर म्हणाले, नसच गेलीय, मशीन काय करणार? आता त्यांच्या मागे स्टीलचं ताट पाडलं तरी ते वळत नाहीत. बोलतात मात्र व्यवस्थित, जरा मोठ्याने. त्यांना काही सांगायचं असेल तर आम्ही पाटीवर खडूने लिहून दाखवतो.

सम्यक उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान चालवायचा. करण नावाचा त्याचा सिंधी मित्र आणि तो, अर्धी-अर्धी पार्टनरशिप.

त्याला एकच वेड होतं. बीटा.

म्हणजे कॉम्प्युटर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो ना, तिचं नवीन व्हर्जन सगळ्यांना मिळायच्या आधी कंपनी ते कच्चं-पक्कं थोड्या लोकांना वापरायला देते. त्यात नाव नोंदवायचं, नवीन व्हर्जन आलं की टाकायचं. सम्यकने त्यासाठी दुकानातल्या जुन्या पार्ट्सचा एक लॅपटॉप जोडून ठेवला होता. झाकण एका मशीनचं, कीबोर्ड दुसऱ्याचा. कधी त्याचा आवाज बंद व्हायचा, कधी स्क्रीन हिरवी पडायची. सम्यक खूश.

“चांगला चाललेला लॅपटॉप बिघडवतोस कशाला?” मी विचारायचे.

“बिघडवायलाच देतात ताई. कुठे फाटतं ते आपण बघायचं आणि त्यांना कळवायचं.”

“तुला काय मिळतं त्यातून?”

“सगळ्यांच्या आधी बघायला मिळतं.”

गणपतीच्या सुमारास एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन आला आणि डायनिंग टेबलवर पप्पांच्या समोर उघडून ठेवला. स्क्रीनच्या खाली एक काळी पट्टी होती. पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मराठी.

“आई, काहीतरी बोल,” तो म्हणाला.

आई म्हणाली, “काय बोलू? भेंडी चिरू का?”

पट्टीवर उमटलं... “बंडी विरू का.”

पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना आम्ही कितीतरी वर्षांनी बघत होतो.

नवीन बीटामध्ये मराठी कॅप्शन आलं होतं. आजूबाजूला जे बोललं जाईल ते लिहून दाखवायचं. कच्चं होतं, चुकायचं, पण चालायचं. आवाज ओळखायचंही. नवीन आवाज आला की त्याला नंबर द्यायचं, ‘आवाज १’, ‘आवाज २’. सम्यकने ते नंबर काढून नावं टाकली. आईच्या आवाजाला ‘आई’. माझ्या आवाजाला ‘ताई’. पप्पांना ‘पप्पा’.

स्वतःच्या आवाजाला त्याने लिहिलं... ‘मी’.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो दुकानातून आला की लॅपटॉप उघडायचा आणि पप्पा आमच्या गप्पांत बसायचे. वाचायचे आणि मध्येच उत्तर द्यायचे.

दिवाळी झाली. भाऊबीजेला मी त्याला शर्ट दिला होता. तोच घालून तो दुकानात गेला.

चिखलोलीजवळ डंपरने उडवलं. दुपारची वेळ. घरी जेवायला येत होता.

रस्त्यावरच्या कोणीतरी त्याचा फोन उचलून घरी लावला. त्याच्या फोनमध्ये सगळ्यात वर ‘पप्पा’ होतं. पप्पांचा फोन टेबलवर त्यांच्या हाताशीच होता. वाजत राहिला. आई खाली भाजी आणायला गेली होती. लॅपटॉप बंद होता.

पप्पा पेपर वाचत बसले होते.

आई वर आली तेव्हा पप्पांनी फोन उचलून तिला दाखवला. “सम्यकचे एवढे मिस्ड कॉल कसे काय आले गं?” असं विचारलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. रडलो, माणसं आली, वंदना झाली, माणसं गेली. मग घरात एक विचित्र शांतता पसरली. दुःख होतं असंही म्हणता येणार नाही. काहीच नव्हतं. डाळीत मीठ नसलं तरी कोणी म्हणायचं नाही. मी लॅबमध्ये लोकांचे रिपोर्ट त्यांच्या हातात द्यायचे. कोणाला कॅन्सर निघाला तरी माझा चेहरा हलायचा नाही. घरी यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

डिसेंबरमध्ये आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तुझे पप्पा दुपारी बोलत बसतात.”

“कोणाशी?”

“कोण जाणे. मी पडलेली असते आत. हसतातसुद्धा.”

मी म्हटलं, “बोलू दे.”

मला खरंच काही वाटलं नाही.

मग तो रविवार आला.

जेवणं झाली होती. आई आत पडली होती. मी हॉलमध्ये सोफ्यावर फोन बघत होते. पप्पा डायनिंग टेबलवर, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्यासमोर सम्यकचा लॅपटॉप उघडा होता. त्यांनी तो कधी काढला, कधी चालू केला, मला माहीत नव्हतं.

घरात काही आवाज नव्हता. पंखाही बंद. खालचं ग्राउंडही दुपारचं रिकामं.

पप्पा एकदम म्हणाले, “कपाटाच्या खाली बघ.”

मी मान वर केली. “काय पप्पा?” आणि लगेच लक्षात आलं, त्यांना ऐकू कुठे येतंय.

ते थांबले. मग हसून म्हणाले, “मग आईने टाकली असेल.”

मी उठले. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

पट्टीवर दोन ओळी होत्या.

मी: चप्पल कुठे ठेवली
मी: तिथे नाही

मला वाटलं, जुनं काहीतरी साठलेलं दिसत असेल. बीटा आहे, बिघडला असेल. मी तशीच उभी राहिले.

घर शांत होतं. स्वतःचा श्वास ऐकू यावा इतकं.

आणि पट्टीवर अक्षरं उमटायला लागली... एकेक शब्द... कोणीतरी सावकाश बोलावं तशी...

मी: आज ऊन फार आहे बाबा

“हो ना,” पप्पा म्हणाले. “थंडी पडलीच नाही यंदा.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले. मला बघून जरा अवघडले. मी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘हे कोण बोलतंय?’

त्यांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

“तुला ऐकू येत नाही?”

मी मान हलवली. नाही.

पप्पा पट्टीकडे बघत राहिले. म्हणाले, “मशीन आहे मैत्रेयी. मशीन स्वतःच्या मनाने लिहीत नाही. जे ऐकतं ते लिहितं.”

मी मुद्दाम मोठ्याने बोलून बघितलं. “पप्पा, लॅपटॉप बंद करा.”

पट्टीवर काहीच उमटलं नाही. ‘ताई’ असं नाव आलंच नाही.

“तुमचं काही येत नाही त्याच्यावर,” पप्पा म्हणाले. “तो गेल्यापासून नाही. मला वाटलं, तुम्ही घरात बोलायचंच सोडलंय.”

सोमवारी सुट्टी टाकून मी करणला फोन केला. तो दुकान बंद करून दुपारीच आला. सम्यक गेल्यापासून पहिल्यांदाच घरात येत होता. दारात चपला काढताना तिथेच जरा थांबला.

पप्पा त्या वेळी आंघोळीला गेले होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. लॅपटॉप उलटा करून त्याने स्क्रू काढले, आत बघितलं, आणि तसाच बसला.

“काय झालं?”

“दीदी, इसमें माइक ही नहीं है.”

“म्हणजे?”

“माइक म्हणजे जो सुनता है ना. ह्याचा माइक खराब होता, सम्यकने काढून टाकला. घरी तो बाहेरचा लावायचा. छोटासा, वायरवाला. आठवतंय?”

मला आठवलं. काळा, सुपारीएवढा. तो त्याच्या बॅगेतच असायचा. त्या दिवशीही असणार. ती बॅग आम्हाला परत मिळालीच नव्हती.

“मग हा ऐकतो कसा?” मी विचारलं.

करणने स्क्रू परत लावले. लॅपटॉप चालू केला. कोपऱ्यात एक सूचना आली होती. ही चाचणी आवृत्ती लवकरच बंद होईल, नवीन आवृत्ती टाका, असं काहीतरी.

“बीटाला एक्सपायरी असते दीदी,” तो म्हणाला. “मार्चपर्यंत चालेल. उसके बाद मशीन चालूच होणार नाही. आत्ताच नवीन व्हर्जन टाकलं तर बाकी सगळं राहील. पण मराठी कॅप्शन नाही राहणार. मी बघितलंय, पुढच्या व्हर्जनमध्ये त्यांनी ते काढलंय. बरोबर चालत नव्हतं म्हणून.”

“मग टाक नवीन.”

त्याने हात पुढे केला. तेवढ्यात पट्टीवर...

मी: करण आला का

करणने हात मागे घेतला.

तो उठला. चहा ठेवला होता, तो न घेताच चपला घालायला लागला. आई म्हणाली, “अरे, बस की.” म्हणाला, “आंटी, दुकान उघडं आहे.” दुकान बंद करून आलो, असं त्यानेच मला सांगितलं होतं.

पुन्हा तो आला नाही. फोन केला की उचलतो, व्यवस्थित बोलतो, पण विषय निघाला की म्हणतो, “दीदी, कस्टमर आहे.”

आईपासून लपवण्यात अर्थ नव्हता. तिला सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर लॅपटॉप जवळ घेऊन बसेल. तिने यातलं काही केलं नाही. पप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि वाचत राहिली. आई सातवीपर्यंत शिकलीय, ओठ हलवत वाचते.

मी: बाबा तू जेवला का
मी: मी इथेच आहे बाबा

आई उठली. स्वयंपाकघरात आली. नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत घासायला घेतली.

“काय गं?”

“हा आपला सम्यक नाही,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“सम्यक त्यांना पप्पा म्हणायचा. आणि अरे-तुरे कधी केलं नाही त्याने. लहानपणीसुद्धा नाही.”

तिने नळ बंद केला. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. बाहेर पप्पा कोणाला तरी सांगत होते की आज भात जरा कच्चा राहिला होता.

तेव्हा भीती वाटायला हवी होती ना? मला नाही वाटली. सकाळी उठायचं, डबा भरायचा, कामावर जायचं. घरात एक जास्तीचं माणूस आहे, एवढंच. इतकी मी बधिर झाले होते. आता आठवलं की त्याचीच भीती वाटते.

मी दोन-तीनदा लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. पप्पा काढून घ्यायचे. वाद घालायचे नाहीत. पाटीवर मी लिहिलं, ‘तो सम्यक नाही.’ त्यांनी ओल्या फडक्याने पाटी पुसून माझ्या हातात परत दिली.

फेब्रुवारीत पट्टीवरचं बोलणं बदललं.

मी: बाबा नीट ऐकू येत नाही
मी: जरा जवळ ये

पप्पा मोठ्याने बोलायला लागले. खालच्या मजल्यावरच्या तेजलताई विचारायला आल्या, घरात भांडण चाललंय का?

मग उमटलं...

मी: खाली ये

पप्पा दुपारी खाली जाऊन गेटपाशी उभे राहू लागले. वॉचमन खुर्ची द्यायचा. ते बसायचे नाहीत. काही वेळाने वर यायचे. मग गेटच्या बाहेर कोपऱ्यापर्यंत. मग त्याच्याही पुढे. आई त्यांच्या मागे जायची. विचारलं तर म्हणायचे, “पाय मोकळे करतोय.”

एके दिवशी आई रेशनच्या कामाला गेली होती. मी लॅबमध्ये होते. दुपारी तेजलताईंचा फोन आला. त्यांचे मिस्टर टेम्पोने अंबरनाथला चालले होते. त्यांनी पप्पांना रस्त्यात बघितलं होतं.

“कुठे?”

तेजलताई हळूच म्हणाल्या, “चिखलोलीला. जिथे आपला सम्यक...”

मी काउंटर तसाच सोडला. रिक्षा केली. रिक्षावाला काहीतरी बोलत होता, मी हो-हो करत होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटत होतं.

पप्पा दिसले.

रस्त्याच्या अगदी कडेला, पांढऱ्या पट्ट्यावर उभे. अंगात घरातला पांढरा बनियन, पायात चपला. हातात लॅपटॉप उघडा. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती म्हणून एका हाताने त्यावर सावली धरली होती. त्यांच्या पाठीमागून ट्रक जात होते. हॉर्न देत होते. त्यांना काय कळणार?

मी धावले. मागून त्यांचं कोपर धरलं आणि आत ओढलं. ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. रांगेत नंबर लागायच्या आधी कोणी बाजूला घ्यावं, तसे दिसले.

“थांब,” ते म्हणाले. “तो सांगतोय, कुठे उभं राहायचं ते.”

मी स्क्रीनकडे बघितलं.

आजूबाजूला एवढा आवाज होता. डंपर, मोटरसायकली, टपरीवरचा रेडिओ. त्यातलं एकही अक्षर पट्टीवर नव्हतं.

पट्टीवर होतं...

मी: अजून जरा पुढे बाबा

मग एक नवीन नाव आलं. सम्यकने दिलेलं नव्हतं. नुसता नंबर.

आवाज ५: हा ऐकतो का
मी: वाचून ऐकतो

माझा हात पप्पांच्या कोपरावर होता. मी वाचत होते. डोळे काढता येत नव्हते.

आवाज ५: आणि ती

पट्टी थोडा वेळ तशीच राहिली.

मग...

मी: ती पण वाचतेय

मी झाकण आपटून बंद केलं.

रिक्षात लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. अंबरनाथला माझ्याबरोबर काम करणारी जिज्ञासा राहते. तिच्या घरी नेऊन ठेवला. तिला म्हटलं, बिघडलाय, उघडू नकोस, चार्जिंगलाही लावू नकोस. तिने कारण विचारलं नाही. माझं तोंड बघूनच विचारलं नसेल.

पप्पांनी तो परत मागितला नाही. एकदाही नाही. याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

मार्च गेला. एप्रिलमध्ये मी जिज्ञासाकडून लॅपटॉप आणला आणि तिच्याच बिल्डिंगखाली जिन्यात बसून चालू केला. करण म्हणाला होता तसंच झालं. काळी स्क्रीन, इंग्लिशमध्ये दोन ओळी, या आवृत्तीची मुदत संपली आहे. त्याच्या पुढे तो जाईना. पट्टी नाही, काही नाही. मी तो करणच्या दुकानात पाठवून दिला. त्याने तोडून पार्ट वेगळे केले आणि त्यांचा फोटो काढून मला पाठवला. मी न मागता.

मला वाटलं, सुटलो.

त्या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला गॅलरीत जात होते. पप्पा तिथे खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. समोर काही नाही. पेपर नाही, फोन नाही.

मी दारातच थांबले.

पप्पांनी डावीकडे मान वळवली... जसं कोणी हाक मारल्यावर आपण वळवतो तशी...

“हो,” ते म्हणाले. “बोल.”

आणि ऐकू लागले.

मी सांगू शकत नाही तो चेहरा कसा होता. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. पप्पांचा तसा चेहरा मी विसरून गेले होते.

माझ्या हातातली बादली सुटली. लोखंडी ग्रिलवर आपटून केवढा तरी आवाज झाला. खालून कोणीतरी वर बघितलं.

पप्पा वळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन्ही कान पूर्वीसारखेच. काहीच नाही.

घरी आल्यावर मी पाटी घेतली. लिहिलं, ‘तुम्हाला ऐकू येतं?’

“तुमचं नाही येत,” पप्पा म्हणाले.

‘मग कोणाचं?’

उत्तराची वाट न बघता मी खाली लिहिलं, ‘पप्पा, तो सम्यक नाही.’ या वेळी त्यांनी पाटी पुसली नाही. माझ्या हातातून घेऊन टेबलवर ठेवली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“मला माहीत आहे,” पप्पा म्हणाले. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझं पोरगं मला कळत नाही का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“इतकी वर्षं मी पाटी वाचतोय मैत्रेयी. जेवायला चला. गोळी घेतली का. लाइट गेलीय. तो माझ्याशी बोलतो. आज काय दिसतंय, विचारतो. प्रेसवर होतो तेव्हाचं विचारतो. मी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं. कोण आहे ते विचारलं एकदा. नाव नाही सांगत.”

आईने पदर तोंडाला लावला. मी पाटीवर लिहिलं, ‘त्याने तुम्हाला रस्त्यावर नेलं होतं.’

“आता नाही नेत,” पप्पा म्हणाले. “आता गरज नाही म्हणतो.”

आता मी आणि आई त्यांच्याशी खूप लिहितो. मोबाईलवर मोठी अक्षरं करून दिवसभरातलं सगळं सांगते मी. ते वाचतात, हसतात, उत्तरही देतात. चांगले जेवतात. तब्येत सुधारलीय. बघणारे म्हणतात, किसनभाऊ सावरले.

दुपारी मात्र ते गॅलरीत बसतात. आई दाराला आतून कडी लावते. त्यांना त्याचं काही नसतं. त्यांना कुठे जायचंच नसतं.

गेल्या रविवारी मी आतल्या खोलीत पडले होते. झोपले नव्हते. मधला दरवाजा उघडा होता. गॅलरीत पप्पा खूप वेळ नुसते ऐकत होते. मध्येच हं, हं करत होते. कोणी काहीतरी लांबलचक समजावून सांगत असावं, तसे.

मग त्यांनी मान वळवून आत बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

“झोपलीय,” पप्पा म्हणाले.

पुन्हा शांतता. बराच वेळ.

“बरं,” ते हळूच म्हणाले. “तिला सांगतो.”

त्यांनी मला अजून काही सांगितलेलं नाही.

मी विचारलेलं नाही.